विचारायचंच, तर आधी विचारा

19 जानेवारी 2024 रोजी पालघरला वाढवण बंदराची जनसुनावणी झाली. 16 फेब्रुवारी 2024 रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्या बंदराला मंजुरी दिली. मधले दिवस अठ्ठावीस.

प्रकल्प केवढा, ते आधी पाहा. खर्च 76,220 कोटी रुपये. 1,448 हेक्टर समुद्रात भराव. लाटा अडवायला 10.14 किलोमीटर लांबीचा बांध. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल्स. अशा प्रकल्पाबद्दल लोकांनी घेतलेला प्रत्येक आक्षेप नोंदवायचा, कंपनीने त्याला उत्तर द्यायचं, अहवाल सुधारायचा, तज्ज्ञ समितीने तो वाचून शिफारस करायची आणि मग मंत्रालयाने निर्णय घ्यायचा, असा क्रम आहे. हा सगळा क्रम चार आठवड्यांत उरकला. माझा पहिला आक्षेप इथेच आहे. एवढ्या वेळात कागद पुढे सरकवता येतात, माणसांचं ऐकून घेता येत नाही.

वाढवण, वरोर, धाकटी डहाणू, चिंचणी या किनाऱ्यावर गेली कित्येक वर्षं एकच घोषणा ऐकू येते: ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द.’ ती घोषणा पटो वा न पटो, ती देणाऱ्यांना उत्तर मिळायला हवं. सुनावणीच्या व्यासपीठावर त्यांना बोलण्याची वेळ मिळाली. उत्तर अजून मिळालेलं नाही.

कायद्यात काय आहे आणि काय नाही

14 सप्टेंबर 2006 ची पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना सरकारी भाषणांत लोकशाहीचा दाखला म्हणून येते. ती वाचून काढली तर बऱ्याच गोष्टी चांगल्या आहेत. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्यायची. किमान तीस दिवस आधी जाहीर करायची. प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती घ्यायची आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असायचा. पूर्ण कामकाजाचं चित्रीकरण करायचं. शेवटी जमलेल्यांना त्यांच्या भाषेत वृत्तांत वाचून दाखवायचा.

आता घोडं पेंड कुठे खातं ते पाहू. पूर्ण अहवाल इंग्रजीत चालतो, स्थानिक भाषेत फक्त सारांश लागतो. भरतीचा प्रवाह कसा बदलेल, गाळ कुठे साचेल, किनारा कुठे खचेल, मासळीची पैदास कुठे होते, हे सगळं त्या जाडजूड इंग्रजी अहवालात असतं. ज्याचं घर त्या किनाऱ्यावर आहे, त्याच्या हातात पडतात सारांशाची थोडी पानं. पालघर जिल्ह्यात मांगेला, वैती, कोळी मच्छीमार आहेत, वारली आदिवासी आहेत. त्यांच्यापैकी किती जण इंग्रजीतली गणिती प्रारूपं वाचून हरकत लिहू शकतील? सुनावणीत ‘तुमचा आक्षेप तांत्रिक नाही’ असं सांगायचं असेल, तर आधी तंत्र त्यांच्या भाषेत द्या.

2020 साली याच अधिसूचनेचा नवा मसुदा आला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या भाषांमध्ये भाषांतरित करायला सांगितलं. केंद्र सरकार त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. लोकांचं मत हवं आहे असं म्हणणारं सरकार लोकांच्या भाषेत मजकूर द्यायला न्यायालयात भांडतं, तेव्हा त्या मताची किंमत त्याच्या लेखी काय आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि सर्वांत मोठी उणीव ही की लोकांनी ‘नको’ म्हटलं तर प्रकल्प थांबलाच पाहिजे, असं या अधिसूचनेत कुठेही नाही. हजार जण विरोधात बोलले तरी ते इतिवृत्तात ‘मुद्दे’ म्हणून जातात, समोरच्या रकान्यात कंपनीचा खुलासा येतो आणि फाइल पुढे जाते. खुलासा पटण्याजोगा आहे की नाही, हे ज्याने आक्षेप घेतला त्याला कुणी विचारत नाही.

समुद्र तोच, यादी बदलली

वाढवणची गोष्ट 2024 मध्ये सुरू झाली असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरा मागे जावं.

20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. तिथे कोणते उद्योग चालतील आणि कोणते चालणार नाहीत, हे ठरवून दिलं. उद्योगांना मिळणारी एकूण जमीन पाचशे एकरांवर थांबवली. सरकार ही अधिसूचना पाळत नाही म्हणून पर्यावरणवादी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानुसार डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. त्याचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी.

त्याच सुमारास राज्य सरकारने पी अँड ओ या परदेशी कंपनीला बरोबर घेऊन वाढवणला बंदर आणायचं ठरवलं. प्राधिकरणाने बाजू ऐकल्या, कागद तपासले आणि 1998 मध्ये सांगितलं की या तालुक्यात हे बंदर बसत नाही. प्रस्ताव मागे पडला.

पुढे काय झालं? 5 फेब्रुवारी 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदराला तत्त्वतः मंजुरी दिली. एप्रिल 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरं, धक्के आणि समुद्रातला गाळउपसा यांना सर्वाधिक प्रदूषणकारी उद्योगांच्या लाल वर्गातून काढून ‘उद्योग नाही’ अशा वर्गात टाकलं. जून 2020 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने तसं कार्यालयीन पत्रक काढलं. लाल वर्गातल्या उद्योगांना डहाणूत मज्जाव होता. बंदर उद्योगच नाही असं ठरल्यावर ती अडचण दूर झाली. 31 जुलै 2023 रोजी त्याच प्राधिकरणाने, आता वेगळ्या सदस्यांसह, अटी घालून परवानगी दिली. एप्रिल 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि लढा सर्वोच्च न्यायालयात गेला.

न्यायालय कायदेशीरपणा तपासतं, ते त्याचं काम आहे. मी शहाणपणाबद्दल विचारतो आहे. 1998 ते 2023 या काळात वाढवणचा खडकाळ किनारा बदलला नाही. तिथली भरती-ओहोटी बदलली नाही. शेवंड आणि घोळ या मासळीची जागा बदलली नाही. बदलली ती दिल्लीतल्या टेबलावरची यादी. समुद्रात लाखो ट्रक माती, दगड आणि वाळू ओतणारा प्रकल्प ‘उद्योग नाही’ असं एका पत्रकाने ठरतं आणि त्या पत्रकाआधी त्या किनाऱ्यावरच्या एकाही ग्रामसभेला विचारलं जात नाही. जनतेचा सल्ला घ्यायचाच होता, तर तो इथे घ्यायला हवा होता. खरा निर्णय इथे झाला.

तारखा पुन्हा एकदा ओळीने वाचा. मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी 2020. जनसुनावणी जानेवारी 2024. जवळपास चार वर्षं सरकार ‘बंदर होणार’ असं सांगत होतं आणि मग लोकांना बोलावून विचारलं, तुमचं काय मत आहे? हे वरातीमागून घोडं आहे. अशा वेळी सुनावणीला आलेला माणूस चिडतो, ओरडतो आणि त्याच्यावर विकासविरोधी असा शिक्का बसतो.

अहवाल कुणाचा, पैसे कुणाचे

पर्यावरणाचा अहवाल जी सल्लागार संस्था तयार करते, तिची निवड प्रकल्प आणणारी कंपनी करते. तिचे पैसेही तीच देते. संस्थेला मान्यता असावी लागते, हे खरं. पण ‘बंदर इथे नको’ असा अहवाल देणाऱ्या संस्थेला पुढचं काम कोण देईल? माणसं प्रामाणिक असली तरी ही रचना प्रामाणिक नाही. तिच्यात निष्कर्षाची दिशा सुरुवातीलाच ठरते. मग उरतो एकच प्रश्न: परिणाम कमी कसे दाखवायचे आणि उपाय किती लिहायचे.

म्हणून अशा अहवालांत जागोजागी ‘परिणाम मर्यादित राहतील’ आणि ‘योग्य ते उपाय योजले जातील’ ही वाक्यं सापडतात. दहा किलोमीटरचा बांध समुद्रात उभा राहिला की प्रवाह वळणार. प्रवाह वळला की कुठे वाळू साचणार, कुठे किनारा खाल्ला जाणार. ज्याचं घर खाल्ल्या जाणाऱ्या बाजूला आहे, त्याच्यासाठी ‘मर्यादित’ या शब्दाला काही अर्थ नाही. आणि भरावासाठी दमणच्या समुद्रातून वाळू उपसायची म्हटली, की परिणामांचा नकाशा वाढवणपुरता राहत नाही. दमणकडच्या मच्छीमारांना कुणी पालघरच्या सुनावणीला बोलावलं होतं?

समुद्राला सातबारा नसतो

बंदर समुद्रात भराव घालून होणार, त्यामुळे विस्थापन जवळजवळ नाही, असं प्रकल्पाच्या बाजूने वारंवार सांगितलं जातं. जमीन लागणार ती रस्ता आणि रेल्वेसाठी. या युक्तिवादाइतका अन्याय करणारा दुसरा युक्तिवाद मला ठाऊक नाही.

शेतकऱ्याकडे सातबारा असतो. त्याची जमीन घ्यायची तर मोजणी होते, मोबदला ठरतो, तो न्यायालयात जाऊ शकतो. समुद्रात डोल जाळं लावणाऱ्या मच्छीमाराची जागा त्याच्या आजोबाने ठरवलेली असते, गावाने मान्य केलेली असते, शेजारच्या गावालाही माहीत असते. पण ती कुठल्याही महसुली दप्तरात नसते. सरकारच्या दृष्टीने तो समुद्र रिकामा आहे. रिकाम्या जागेवर भराव घातला तर विस्थापित कोण, असा हिशेब.

त्यातून बायकांची गणती तर होतच नाही. होडीचा परवाना पुरुषाच्या नावावर. पण बोंबील वाळवणारी, मासळी निवडणारी, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी, ओहोटीला खडकावर कालवं फोडणारी बाई कुठल्या यादीत आहे? नुकसानभरपाई नोंदीवर मिळते आणि तिची नोंद नाही. चिंचणी-वरोर भागात घरोघरी दागिन्यांचे साचे बनवण्याचा डायमेकिंगचा धंदा चालतो. घोलवडचा चिकू भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. या सगळ्यांचा हिशेब ‘विस्थापन नाही’ या एका वाक्यात बुडतो.

सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्य मासा घोषित केलं. सातपाटी ते डहाणू हा पट्टा पापलेट आणि घोळीच्या पैदाशीसाठी ओळखला जातो. मच्छीमार त्याला ‘गोल्डन बेल्ट’ म्हणतात. राज्य मासा घोषित करून पाच महिने होत नाहीत, तोच त्याच पट्ट्यातल्या भरावाची सुनावणी होते. माशाला मान द्यायचा असेल तर त्याची पैदास होते ती जागा राखली पाहिजे.

मागचा अनुभव काय सांगतो

वाढवणच्या लोकांचा अविश्वास हवेतून आलेला नाही. बंदर बांधणाऱ्या कंपनीत जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा 74 टक्के आहे आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा 26 टक्के. त्या प्राधिकरणाचं आधीचं बंदर उरणला आहे, 1989 मध्ये सुरू झालेलं. त्यासाठी शेवा कोळीवाडा 1980 च्या दशकात हलवला गेला. हनुमान कोळीवाडा म्हणून जी वसाहत मिळाली, तिथली घरं वाळवीने पोखरली. पुनर्वसनाची मागणी करण्यात त्या गावाच्या पिढ्या गेल्या. त्याच बंदराच्या विस्ताराबद्दल उरणचे पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादात गेले. 2015 मध्ये लवादाने 1,630 कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणजे समुद्रात मच्छीमाराचं नुकसान होतं, हे लवादाने मान्य केलं आहे. मग वाढवणला तेच नुकसान सुरुवातीलाच का मोजलं जात नाही? उरणच्या लोकांसारखं त्यांनीही आधी उद्ध्वस्त व्हायचं आणि मग वकील शोधायचा का?

जवळचंच तारापूर घ्या. अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्यांचं पुनर्वसन उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिलं. हे सगळं वाढवणपासून हाकेच्या अंतरावर घडलं. तिथल्या माणसाला आश्वासन दिलं की तो आधी अक्करपट्टीची आठवण करून देतो. तो चुकीचं काय करतो?

पण याच डहाणूत उलटं उदाहरणही आहे आणि ते मी मुद्दाम सांगतो. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राने गंधकाचा धूर कमी करणारी यंत्रणा बसवावी, असा आदेश प्राधिकरणाने 1999 मध्ये दिला. कंपनीने चालढकल केली. प्राधिकरणाने 300 कोटींची बँक हमी मागितली आणि 2007 मध्ये ती यंत्रणा सुरू झाली. अट घालणारी संस्था तालुक्यासाठी नेमलेली होती, तिच्याकडे दात होते आणि ते वापरायची तयारी होती, म्हणून अट पाळली गेली. पर्यावरण मंजुरी ही पोकळ गोष्ट असण्याची गरज नाही. तिच्यात जीव घालता येतो. डहाणूने ते करून दाखवलं आहे.

बंदर हवं का?

बंदराच्या बाजूचं म्हणणं मला पोकळ वाटत नाही. वाढवणला सुमारे वीस मीटरची नैसर्गिक खोली आहे. मोठी कंटेनर जहाजं आपल्याकडच्या बहुतेक बंदरांत येऊ शकत नाहीत, त्यामुळे भारताचा बराच माल कोलंबो किंवा सिंगापूरला उतरवून चढवावा लागतो. त्याचा खर्च इथला निर्यातदार, म्हणजे द्राक्षवाला आणि कापडवालाही, सोसतो. सुमारे बारा लाख प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगारांचा सरकारचा अंदाज आहे. खोल पाण्याचं बंदर देशाला लागेल, हे मान्य.

पण ते याच नाजूक तालुक्यात लागेल का? दुसऱ्या जागा तपासल्या, तर त्या का नाकारल्या? नुकसान कुणाचं होणार आणि फायदा कुणाला मिळणार? बारा लाखांतले किती रोजगार वरोरच्या मुलामुलींना मिळतील आणि त्यासाठीचं प्रशिक्षण भराव पडायच्या आधी सुरू होईल की नंतर? हे प्रश्न सुनावणीत विचारले जातात म्हणूनच सुनावणी लागते. देशहित एवढं मोठं आहे की चर्चा नको, असं कुणी म्हणत असेल तर माझं उत्तर सरळ आहे. देशहित मोठं आहे म्हणूनच ज्यांच्याकडून किंमत वसूल होणार त्यांना अगोदर विचारायचं.

मागणी

वाढवणच्या दक्षिणेला, सातपाटीच्या खाडीपलीकडे मुरबे इथे दुसऱ्या बंदराचा प्रस्ताव आहे. त्याच जिल्ह्यात, त्याच मच्छीमारांच्या अंगणात. तिथे तरी हे करा.

मंत्रिमंडळाने किंवा सागरी मंडळाने पुढचा कोणताही होकार देण्याआधी किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामसभेत प्रस्ताव मांडा. पालघरमधला मोठा भाग अनुसूचित क्षेत्र आहे. 1996 च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला सल्ल्याचा अधिकार दिला आहे. भरावाची जागा समुद्रात आहे असं सांगून तो अधिकार टाळू नका.

संपूर्ण अहवाल मराठीत छापा, तीन महिने आधी गावात ठेवा आणि वारली पाड्यांवर तो बोलीत वाचून दाखवा. सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊ नका, गावात घ्या. होड्या समुद्रात असताना घेऊ नका. जून-जुलैत सरकारचीच मासेमारी बंदी असते, तेव्हा माणसं घरी असतात.

अहवाल करणारी संस्था कंपनीने नेमू नये. पैसे कंपनीकडून घ्या, पण ते स्वतंत्र निधीत जमा करा आणि संस्था सरकारबाहेरच्या तज्ज्ञ मंडळाने निवडावी.

मंजुरीआधी समुद्राची मोजणी करा. कुठल्या गावाची डोल कुठे, कुठल्या महिन्यात कुठली मासळी, किती बाया वाळवणावर आणि विक्रीवर जगतात, हे नावानिशी नोंदवा. ही नोंद गावाने तपासून सही केल्यावरच अंतिम समजा.

आणि मंजुरी देण्याआधी सुनावणीतल्या प्रत्येक आक्षेपाचं लेखी उत्तर घेऊन अधिकाऱ्यांनी पुन्हा त्याच गावात यावं. आक्षेप नाकारला असेल तर कारण तोंडावर सांगावं. मंजुरी मिळाल्यावर हरित लवादात अपील करायला मच्छीमाराला तीस दिवस असतात, पुण्याला जाऊन, वकील लावून. त्याच्याकडून तीस दिवसांत एवढी अपेक्षा करणाऱ्या सरकारने उत्तर द्यायला गावात यावं, ही मागणी जास्त नाही.

यातल्या बहुतेक मागण्यांसाठी नवा कायदा लागत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरवलं तर सुनावणी गावात आणि सोयीच्या वेळी होते. सागरी मंडळाने ठरवलं तर अहवाल मराठीत येतो. मुरब्याची प्रत्येक पुढची पायरी या पाच गोष्टी पूर्ण होईपर्यंत थांबवावी, असं पालघरच्या आमदार-खासदारांनी लेखी मागितलं पाहिजे. त्यांनी मागितलं की नाही, हे मतदारांनी त्यांना दर आठवड्याला विचारावं.